थंडीच्या माथी

चंद्रपूरच्या उन्हात रस्ते करून मुरलेला एक इंजिनियर बदलीवर लडाखला गेला. डांबराविषयी त्याचं एक मत पक्कं होतं आणि ते चंद्रपूरनेच बनवलं होतं. तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि नरम डांबराच्या रस्त्यावर चाकांखाली चाकोऱ्या पडतात. अशाच एका चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावरून त्याने नोकरीच्या सुरुवातीला वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून रस्ता म्हणजे कडक, नरम म्हणजे बिघडलेला, हा हिशोब त्याच्या डोक्यात घट्ट बसला. विदर्भात तो हिशोब बराचसा खराही ठरतो, म्हणून त्यावर फेरविचार करायची वेळ कधी आली नव्हती.

लेहहून मनालीकडे निघालं की उपशीला सिंधू सोडून रस्ता ग्या गावच्या नाल्याच्या काठाने वर चढू लागतो आणि पुढे टांगलांग-ला खिंडीकडे जातो. त्याच बाजूला एका गावाला जोडणारा आठ किलोमीटरचा फाटा डांबरी करायचं काम त्याच्याकडे आलं. गाव चार हजार मीटरच्या वर. कामाचा हंगाम जूनपासून सप्टेंबरपर्यंत, तोही दिवसातले मधले काही तास. सकाळी उशिरापर्यंत जमीन गारठलेली असते आणि दुपार कलली की नाल्यातून वारा सुटतो.

पिंपांमधून आलेलं डांबर होतं व्हीजी-१०, म्हणजे नेहमीच्या ग्रेडपेक्षा नरम. थंड प्रदेशासाठी हेच वापरतात. पहिल्याच दिवशी उन्हात ठेवलेल्या पिंपाच्या तोंडाशी त्याने अंगठा दाबून पाहिला, ठसा उमटला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. पण नियम होता, डांबर आलं होतं, काम सुरू झालं.

हॉटमिक्स प्लांट खाली दरीत, फाट्याच्या तोंडापासून वीसेक किलोमीटरवर होता. तिथल्या डांबराच्या टाकीवर झारखंडमधल्या दुमक्याचे एक काका होते. दुमक्याकडची माणसं लडाखच्या रस्त्यांवर कित्येक वर्षांपासून कामाला येतात. जूनमध्ये चढतात, थंडी पडली की उतरतात. हे काका त्यातले जुने. थर्मामीटर ते बघत, पण त्याआधी धूर बघत. पांढुरका, विरळ धूर असेल तर बर्नर चालू ठेवत. धुरात निळसर छटा आली, वास नाकात झोंबायला लागला, की कुणाला न विचारता बर्नर कमी करत.

व्हीजी-१० साठी डांबर १४० ते १६० अंशांपर्यंत तापवायचं असतं. खडी-डांबराचा माल पसरताना किमान १३० असावा आणि रोलरचं काम तो ८० ला उतरायच्या आत संपावं. मैदानात हे आकडे सहज सांभाळता येतात. इथे माल १५५ ला निघायचा, ट्रक पंचवीसेक किलोमीटर चढायचा, वारा लागायचा आणि वर पोहोचेपर्यंत काठाशी असलेला माल १२० च्या खाली गेलेला असायचा. असा माल परत पाठवावा लागे. मग पहिल्या महिन्यात त्यांनी ट्रकवर दोन-दोन ताडपत्र्या बांधल्या, काम अकरा ते तीन एवढंच ठेवलं, रोलर माल पसरणाऱ्या पेव्हरच्या पाठीला लावून चालवला. दिवसाला दोनशे-अडीचशे मीटर व्हायचे. फाट्याच्या तोंडापासून काम सुरू केलं होतं. जुलै सरता सरता चार किलोमीटर झाले आणि ऑगस्टमध्ये पावसाने रस्ता वाहून गेल्यामुळे प्लांट बंदच राहिला.

सप्टेंबर उजाडला तेव्हा वरचे चार किलोमीटर बाकी होते, म्हणजे सगळ्यात उंच, सगळ्यात लांबचे, सगळ्यात गार.

ठेकेदाराचा सुपरवायझर हुशार माणूस होता. त्याला पैसे किलोमीटरवर मिळायचे, काकांना दिवसावर. त्याने इंजिनियरला गाठलं.

“साहेब, माल वर येईपर्यंत गार होतो, हीच अडचण ना? मग खालीच जास्त तापवू या. खडीही तापवू. १९० ला निघाला तर वर १५० ला पोहोचेल. वाफाळता माल, रोलर लोण्यासारखा फिरेल.”

“नियमात १६० आहे.”

“नियम दिल्लीत बसून केलेत. इथली थंडी त्यांनी कुठे बघितलीय? आणि डांबर जरा कडक झालं तर तुम्हाला बरंच वाटेल की.”

शेवटचं वाक्य वर्मी लागलं. इंजिनियरच्या मनात जे होतं तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. गावाच्या बाजूनेही घाई होती. गावचा गोबा, म्हणजे मुखिया, दर चार दिवसांनी येऊन विचारायचा, बर्फाआधी रस्ता शाळेपर्यंत येणार ना? मागच्या हिवाळ्यात एका बाळंतिणीला जीपमधून त्या खडबडीत वाटेने खाली नेताना काय हाल झाले, ते त्याने सांगितलं होतं. हे सगळं खरं होतं. चुकीच्या निर्णयाला बहुतेक वेळा अशा खऱ्या कारणांचाच आधार मिळतो, म्हणून तो घेताना हात थरथरत नाही.

काकांना बर्नर वाढवायला सांगितला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, धूर निळा झाला म्हणजे डांबर जळायला लागलं. मग त्यात राहत काही नाही.”

“काका, रस्ता कडक होईल. तो चांगलाच.”

काकांनी मान हलवली, पण बर्नर वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने त्यांना खडीच्या चाळणीवर पाठवलं आणि टाकीवर एक तरणा मुलगा उभा केला. इंजिनियरला हे कळलं. तो काही बोलला नाही.

मग काम धडाक्यात चाललं. सकाळी आठला पहिला ट्रक, संध्याकाळी पाचपर्यंत शेवटचा. प्लांटवर निळा धूर रेंगाळायचा, माणसं तोंडाला फडकी बांधायची. मिक्सरमधून पडणाऱ्या मालाचा काळा तुकतुकीतपणा गेला होता, त्यावर तपकिरी झाक आली होती. पण माल वर गरम पोहोचत होता आणि रोलर खरोखरच मजेत फिरत होता. दिवसाला चारशे मीटर झाले. तापमानाच्या रजिस्टरमध्ये सुपरवायझर रोज १५५ लिहायचा आणि इंजिनियर सही करायचा. पहिल्या महिन्याच्या पानांवर १४८, १५७, १५१, १६० असे आकडे होते. नंतरच्या पानांवर ओळीने १५५.

सप्टेंबरच्या अखेरीला रस्ता शाळेच्या दारात पोहोचला. गोब्याने सगळ्यांच्या गळ्यात पांढरे खतक घातले. वरिष्ठ पाहणीला आले तेव्हा टळटळीत ऊन होतं. खालच्या भागात उभ्या राहिलेल्या ट्रकच्या टायरची नक्षी रस्त्यावर पुसटशी उमटली होती. वरच्या भागात बुटाची टाच आपटली तरी खूण नाही. “वरचं काम झकास,” ते म्हणाले, “खालचं जरा कच्चं राहिलं का हो?” इंजिनियरने खालच्या भागाची जबाबदारी घेतली आणि वरच्याची शाबासकीही.

त्या दिवशी त्या रस्त्यावर जे कोणी उभे होते, त्या सगळ्यांना डोळ्यांनी दिसणारं हेच होतं आणि ते खोटं नव्हतं. वरचा भाग अधिक कडक होताच. तो कडकपणा कशाचा होता, हे मात्र टाचेला कळत नाही.

डांबर म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी राहणारा जड भाग. त्यातही पुन्हा दोन जाती नांदतात. एक अस्फाल्टीन, जड, एकमेकांना धरून बसणारे रेणू. दुसरा त्यांना सामावून घेणारा तेलकट भाग, माल्टीन. या तेलकट भागामुळे डांबर वाकतं, हळूहळू सरकतं, ओढ बसली तर ती जिरवतं. हवेतला ऑक्सिजन लागला की तेलकट भागातले रेणू तो पकडतात, त्यांच्यात एकमेकांबद्दल ओढ तयार होते, ते गाठी धरू लागतात. माल्टीन घटतं, अस्फाल्टीन वाढतं. हेच डांबराचं म्हातारपण. रस्त्यावर ते सावकाश येतं, वर्षानुवर्षं. पण तापमान १० अंशांनी वाढलं की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. १५५ वरून १९० म्हणजे साडेतीन वेळा दुप्पट. हिशोब केला तर दहा पटींच्याही पुढे जातो.

टाकीत असेपर्यंत डांबराचा फक्त वरचा थर हवेला लागतो. खरा घाला पडतो मिक्सरमध्ये. तिथे ते तापलेल्या खडीवर पसरतं, प्रत्येक दाण्याभोवती त्याचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा पापुद्रा होतो आणि त्या पापुद्र्याला सगळीकडून हवा मिळते. रस्त्याच्या अख्ख्या आयुष्यातलं फार मोठं म्हातारपण त्या काही क्षणांत आणि नंतर ट्रकमधल्या तासाभरात येऊन जातं. नियमातले १६० अंश इथल्या थंडीला न ओळखणाऱ्या कुणी लिहिले नव्हते. डांबर ज्यांनी ओळखलं त्यांनी लिहिले होते.

जानेवारीत एका रात्री गावात पारा उणे २५ च्या आसपास उतरला. दोन दिवसांनी गोब्याचा फोन आला. “साहेब, रस्त्याला रेघा पडल्यात. आडव्या.”

मार्चच्या शेवटी इंजिनियर तिथे पोहोचला. वरच्या चार किलोमीटरवर, दर चार-पाच मीटरला एक तडा, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, जणू कुणी दोरी धरून आखला असावा. काहींत अंगठा जात होता. दुपारी वितळलेलं पाणी त्यांत उतरत होतं, रात्री गोठून फुगत होतं. पाण्याचा बर्फ होताना ते जवळजवळ नऊ टक्के वाढतं, आणि ती वाढ तड्याच्या काठांना उचकटून काढत होती. कडा ढासळायला लागल्या होत्या. खालच्या भागात, जिथे टायरची नक्षी उमटली होती, तिथे तो वळणावळणाने चालत गेला. मोजून काही तडे सापडले, केसाएवढे.

ऑफिसात अहवालाचा मसुदा तयारच होता. ‘अतिशय कमी तापमानामुळे रस्त्यास आडवे तडे गेले’ असं एक वाक्य. ते कुणालाच खोडून काढता आलं नसतं. थंडी पडली होती, तडे थंडीतच गेले होते. निसर्गाचा कोप ठरला की ठेकेदारावर दुरुस्तीचा बोजा येत नाही, इंजिनियरवर ठपका येत नाही आणि थंडी काही खुलासा द्यायला येत नाही. सुपरवायझर म्हणाला, “सही करा साहेब. लडाखात रस्ते फुटतातच.”

सही करायला त्याने पेन उघडलं होतं. मग ते बंद करून त्याने दोन्ही भागांतून कोअर, म्हणजे रस्त्याचे गोल नमुने, काढायला सांगितले, शिल्लक पिंपातलं थोडं डांबर डब्यात भरलं आणि सुट्टी टाकून तो मैदानातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या डांबर विभागाच्या प्रमुख बाई मूळच्या पुण्याच्या. मराठी ऐकून त्यांनी खुर्ची पुढे केली, पण काम ऐकल्यावर चहा यायच्या आधीच त्या उठून यंत्रांकडे गेल्या.

कोअरमधलं डांबर द्रावणात विरघळवून, द्रावण उडवून वेगळं काढायला दोन दिवस लागले. आधी सुईची साधी परीक्षा झाली. २५ अंशांवर, १०० ग्रॅमच्या भाराने, पाच सेकंदांत सुई किती रुतते ते मोजायचं. पिंपातल्या ताज्या डांबरात ती आठ मिलिमीटरहून खोल गेली. त्या ग्रेडला तेवढी जायलाच हवी. खालच्या भागातल्या डांबरात निम्म्याहून थोडी जास्त. वरच्या भागातल्या डांबरात पावही नाही.

“कडक झालंय, हे मला माहीत होतं,” तो म्हणाला. “पण मॅडम, कडक वस्तू मजबूत नसते का?”

“कशापुढे मजबूत, ते सांगा,” बाई म्हणाल्या. “ट्रक वरून दाबतो. थंडी आतून ओढते. तुमचा रस्ता उन्हाळ्यात समजा २० अंशांवर होता आणि जानेवारीत उणे २० ला गेला. ४० अंशांचा फरक. दहा मीटर लांबीला साधारण एक सेंटिमीटर आकसायचं असतं. पण तो आकसणार कसा? खाली जमिनीला चिकटलेला, मागे-पुढे स्वतःचाच रस्ता. जागेवर राहायचं आणि आखडायचंही, अशी ओढ त्याच्या अंगात साठत जाते. डांबरात जीव असेल तर ते तासाभरात कणभर सरकतं आणि ओढ सैल होते. सरकता आलं नाही तर ओढ साठत राहते, आणि एका रात्री फाटतं.”

मग त्यांनी त्याला बर्फाळ द्रवाच्या टाकीसारखं एक यंत्र दाखवलं, बेंडिंग बीम ऱ्हिऑमीटर. ते अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात झालेल्या मोठ्या महामार्ग संशोधन कार्यक्रमातून आलं. पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठात डेव्हिड अँडरसन आणि हुसेन बाहिया यांनी त्यावर काम केलं. डांबराची साडेबारा सेंटिमीटर लांबीची बारीक पट्टी ओतायची, गारठवायची, दोन टेकूंवर आडवी ठेवायची आणि मध्यावर १०० ग्रॅमचा भार चार मिनिटं ठेवून ती किती झुकते ते बघायचं. साठाव्या सेकंदाला यंत्राला दोन प्रश्न विचारायचे. एक, पट्टी किती ताठ आहे? ३०० मेगापास्कलहून जास्त ताठ चालत नाही. दुसरा, ती अजून झुकतेय का, आणि किती वेगाने? त्या वेगाच्या आकड्याला एम म्हणतात, तो ०.३०० च्या खाली गेला तर डांबर नापास.

“पहिला प्रश्न सगळे विचारतात,” बाई म्हणाल्या. “दुसरा जास्त महत्त्वाचा. जुन्या डांबरात ताठपणा वाढतो त्याहून अधिक हा दुसरा आकडा पडतो. सोसण्यापेक्षा सोडून देणं त्याला आधी जमेनासं होतं.”

उणे १८ अंशांवर परीक्षा घेतली. उणे २८ ला दोन तासांत जे होतं, ते १० अंश वर एका मिनिटात बघता येतं, म्हणून तसं करतात. खालच्या भागातली पट्टी झुकली, काठावर का होईना पास झाली. वरच्या भागातली पट्टी भार ठेवताच थोडी दबली आणि मग चार मिनिटं जागची हलली नाही. पडद्यावरची रेघ आडवी होऊन गेली. इंजिनियर त्या आडव्या रेघेकडे बघत राहिला.

बाई तिसरी पट्टी घेऊन आल्या. ती पिंपातल्या ताज्या डांबराची होती, पण त्यांनी ते मुद्दाम म्हातारं केलं होतं. आधी फिरत्या बाटल्यांत, १६३ अंशांवर, ८५ मिनिटं. प्लांटमध्ये जे घडायला हवं त्याची ही नक्कल. मग बंद भांड्यात, हवेच्या वीसपट दाबाखाली, १०० अंशांवर, २० तास. रस्त्यावरची पाच-दहा वर्षं त्यात येतात, असं मानलं जातं. ती पट्टीही त्यांनी भाराखाली ठेवली. तिची रेघ वरच्या भागातल्या डांबरापेक्षा बरी आली.

“म्हणजे?” त्याने विचारलं, जरी त्याला समजलं होतं.

“म्हणजे दहा हिवाळे झेललेलं डांबर तुमच्या पहिल्या हिवाळ्यातल्या डांबरापेक्षा तरुण आहे. तुम्ही रस्ता अंथरलात तेव्हाच तो म्हातारा होता.”

थोड्या वेळाने त्याने विचारलं, थंडीनेच डांबर कडक होतं असं पण म्हणतात ना? तेही खरं, बाई म्हणाल्या. डांबर नुसतं गारठ्यात पडून राहिलं तरी दिवसेंदिवस ताठ होत जातं. कॅनडात ऑन्टारियोमध्ये यासाठी पट्ट्या ७२ तास थंडीत ठेवून मग परीक्षा घेतात. “पण तो ताठपणा ऊब मिळाली की जातो. मे महिन्यात रस्ता पुन्हा पूर्वीसारखा. तुम्ही प्लांटमध्ये दिलेला ताठपणा कुठल्याही उन्हाने जाणार नाही. पुढे प्रत्येक हिवाळ्यात थंडी आपला ताठपणा त्यावर चढवत राहील.”

निघताना त्यांनी मॅनिटोबातल्या सेंट ॲन इथल्या चाचणी रस्त्याची गोष्ट सांगितली. १९६७ साली तिथे एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या डांबरांचे तुकडे मुद्दाम अंथरले होते, तेच हवामान, तेच ट्रक, आणि मग कुठल्या तुकड्याला किती तडे जातात ते लोकांनी हिवाळ्यामागून हिवाळे मोजलं. “तुम्ही नकळत तसाच रस्ता केलात. पिंपं तीच, खडी तीच, थंडी तीच. वेगळं काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.”

परतल्यावर त्याने तयार मसुदा बाजूला ठेवला. नवीन अहवालात लिहिलं की वरच्या चार किलोमीटरसाठी माल सुमारे १९० अंशांना तापवला गेला, रजिस्टरमधले आकडे प्रत्यक्ष तापमानाचे नाहीत आणि त्या पानांवरच्या सह्या माझ्या आहेत. सोबत तिन्ही पट्ट्यांच्या रेघा जोडल्या. वरिष्ठांनी दोनदा बोलावून विचारलं, एवढं लिहायची गरज आहे का? त्याच्या सेवापुस्तकात ताशेरा आला. ठेकेदाराला वरचा थर स्वखर्चाने उकरून पुन्हा करायचा हुकूम निघाला. सुपरवायझर तोच राहिला. इंजिनियरने त्याला बदलायची मागणी केली नाही. त्याच्या पैशाचा हिशोब मात्र किलोमीटरवरून दिवसावर आणायला ठेकेदाराला भाग पाडलं, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच.

जूनमध्ये दुमक्याची माणसं चढून आली. इंजिनियर स्वतः खडीच्या चाळणीपाशी गेला आणि म्हणाला, “काका, टाकीवर चला.”

“थर्मामीटर माझ्याकडे राहील?”

“तुमच्याकडेच. रजिस्टरही. बर्नरला हात लावायचा तर आधी तुम्हाला विचारायचं.”

काकांनी हातातलं फावडं बाजूच्या मुलाकडे दिलं.

गोब्याला समजवणं जास्त अवघड होतं. रस्ता का फुटला, हे त्याला एका वाक्यात कळलं. “बुखारीच्या शेगडीला टेकवून वाळवलेला जोडा बर्फात फुटतो, तसं?” त्याने विचारलं आणि इंजिनियरने होकार दिला. पण काम सावकाश होणार, चार किलोमीटर या हंगामात पुरे होतीलच असं नाही, हे ऐकल्यावर तो उसळला.

“म्हणजे पुन्हा आमचाच शेवटचा तुकडा राहणार. मागच्या वर्षी घाई झाली ती आमच्याच तुकड्यात, आणि यंदा उशीर होईल तोही आमच्याच. खालच्या लोकांच्या वाट्याला जुलै येतो, आमच्या वाट्याला सप्टेंबर.”

इंजिनियर उत्तर द्यायला गेला आणि थांबला. गोबा रागाने बोलला होता, पण बोलला ते कामाचं होतं. रस्ता नेहमी तोंडापासून टोकाकडे करायचा, असं तो चंद्रपूरपासून करत आला होता. त्यामुळे सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांबचा भाग कायम सगळ्यात गार महिन्यात यायचा, आणि माल जास्त तापवायचा मोह तिथेच उभा राहायचा. काका पलीकडे बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “वरून सुरू केलं तर? जुलैत शाळेपाशी. मग थंडी वाढेल तसं खाली यायचं. प्लांट जवळ येत जाईल.”

“गाड्या ताज्या थरावरून जाणार नाहीत, मागून येतील,” इंजिनियर स्वतःशीच हिशोब करत म्हणाला. “उकरलेल्या पट्ट्यावरून ट्रक वर चढतील. पेव्हर मात्र वर न्यावा लागेल.”

“नेऊ,” सुपरवायझर म्हणाला.

गोब्याने अट घातली की हंगाम संपेपर्यंत जो भाग राहील त्याची खडी दाबून, सपाट करून द्यायची, म्हणजे हिवाळ्यात जीपला त्रास नको. ती मान्य झाली. वरून उकरून काढलेला ठिसूळ माल साइडपट्ट्यांत वापरायचा ठरलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराला, दोन ताडपत्र्यांखालून आलेला पहिला ट्रक शाळेच्या फाटकापाशी रिकामा झाला. काकांनी खालून चिठ्ठी पाठवली होती, १५४. वर मालात थर्मामीटर खुपसला, तो १३६ वर थांबला, आणि इंजिनियरने पेव्हरला हात दाखवला.